जपानी चित्रपटातली मुलगी

भिंगार, रविवार, ३ सप्टेंबर १९७२

सकाळच्या एसटीने पुण्याहून परतलो. अंग मोडून आलंय, पण झोप येत नाही. काल संध्याकाळी तिथल्या फिल्म सोसायटीत पाहिलेला जपानी चित्रपट डोक्यातून जात नाही. जुना आहे, काळापांढरा, आणि म्हणायला गेलं तर खुनाचा. पण असा खून मी पडद्यावर पाहिला नव्हता.

मुक्ता तांदूळ निवडत होती, तिला सगळी गोष्ट सांगितली. समुद्राकाठचं खेडं. मिठागरवाल्याची बायको बुडून मरते. नवरा सांगतो, खडकावरून पाय घसरला. गाव मान डोलावतं. मग शहरातून एक म्हातारा, खोकणारा इन्स्पेक्टर येतो. त्याला संशय आहे, पुरावा नाही. त्या घरात नवऱ्याची बारा वर्षांची भाची राहते आणि तिने त्या दिवसापासून बोलणं टाकलंय. इन्स्पेक्टर तिला एका शब्दाने विचारत नाही. रोज येतो, तिच्या शेजारी बसतो आणि फाटकं जाळं विणत राहतो. सबंध चित्रपट आपण फक्त त्या मुलीच्या ओठांकडे बघत बसतो.

"मग?" मुक्ताने विचारलं. शेवट तिला सांगितला. ती म्हणाली, "एवढं करून बिचारीला काय मिळालं?" मुक्ताला गोष्टीतलं नेमकं नको तेच दिसतं.

ठरवलंय, हा चित्रपट नगरला आणायचा. आमच्या चित्रमंडळाला आता दीड वर्ष होईल. रविवारी सकाळी टॉकीज मिळते, पन्नास-साठ सभासद येतात, निम्मे पेंगतात. या वेळी मंडळाबरोबर माझ्या शाळेच्या दहावी-अकरावीलाही दाखवायचा. खाली इंग्रजी अक्षरं येतात, ती पोरांना झेपणार नाहीत. मी स्वतः माईकवर मराठीत सांगत जाईन.


रविवार, १० सप्टेंबर

मच्छिंद्ररावांना भेटून आलो. ते लष्कराच्या डेपोत स्टोअरला आहेत. माझ्या दहावीच्या वर्गातल्या मनकर्णाचे वडील. त्यांची थोरली मुलगी लंका काष्टीकडे एका वस्तीवर दिली होती, ती पंधरवड्यापूर्वी विहिरीत पडून गेली. मागे आठ महिन्यांचं बाळ. मनकर्णा तेव्हा बहिणीकडेच होती, बाळाला सांभाळायला म्हणून गेली होती.

जावई भीमाजी बाळाला आजीकडे पोचवायला आला होता. धिप्पाड, पण बोलण्यात फार मऊ माणूस. "औंदा पाणी पार तळाला गेलंय, सर. वाकून पोहरा वढीत हुती. तोल गेला." विहिरीत उतरून त्यानेच तिला वर काढलं. कानाखालून गळ्यापर्यंत खपली धरलेला लांब ओरखडा होता, उतरताना कपारीचा लागला असणार. सांगता सांगता ढसाढसा रडला. मलाही भरून आलं.

मनकर्णा बाहेर आली नाही. बाळ मांडीवर घेऊन आतल्या दाराच्या मागे बसली होती. राहीबाईंनी, म्हणजे तिच्या आईने, दोनदा हाक मारली, "दाजींना पानी दे गं." शेवटी राहीबाईंनीच आणून दिलं. मुलगी मुळातच लाजाळू आहे.


मंगळवार, १९ सप्टेंबर

मनकर्णा शाळेत यायला लागली. वाळली आहे. धडा संपवून दहा मिनिटं उरली, तेव्हा वर्गाला जपानी चित्रपटाची सुरुवात सांगितली. मुलीने बोलणं टाकलंय इथपर्यंत आलो आणि घंटा झाली. पोरं ओरडली, पुढे सांगा. म्हटलं, पुढचं पडद्यावर.

वर्ग रिकामा झाल्यावर मनकर्णा टेबलाशी आली. "सर, त्या पोरीनं कुठून बघितलं?"

"मागच्या दाराच्या फटीतून."

"मग तिथनं तिला विहीर नीट दिसत हुती का? का आपलं आवाजावरनं?"

"विहीर नाही गं, समुद्र."

"व्हय. समुद्र."

खरं सांगतो, मी थक्क झालो. मुलगी पाहते तेव्हा कॅमेरा कुठे आहे, तिला कितपत दिसतं आणि कितपत फक्त ऐकू येतं, चित्रपटाचा सगळा जीव तिथेच आहे. आमच्या मंडळातल्या एकाही शहाण्याने असा प्रश्न कधी विचारलेला नाही. दुःखातून बाहेर यायला या मुलीला कलेचा आधार होईल.


बुधवार, २७ सप्टेंबर

टॉकीजच्या ऑफिसात मंडळाची बैठक. अध्यक्ष म्हणजे आमचेच मुख्याध्यापक. सभासदांपैकी फौजदारसाहेब आले होते, आणि टॉकीजचे मॅनेजर फक्रुद्दीनभाई तर असतातच.

मुख्याध्यापकांनी पहिलाच प्रश्न टाकला, "त्यात खून किती?" म्हटलं, एक. "दिसतो?" म्हटलं, अर्धा दिसतो. "अर्धा दिसणं जास्त वाईट."

फक्रुद्दीनभाई हसून म्हणाले, "साहेब, माझ्याकडे दर शुक्रवारी नवीन पिक्चर लागतं. त्यात पंधरा-पंधरा माणसं मरतात. पोरं खांद्यावर बसून बघतात. कुणी त्यांचं वय विचारत नाही."

"ते खोटं असतं हे पोरांना कळतं," मुख्याध्यापक म्हणाले. "हे सर सांगतायत ते खरं वाटतं. बाईला नवरा मारतो, आणि एक लहान मुलगी ते पाहते. मुलांच्या मनावर काय परिणाम होईल?"

फौजदारसाहेबांना मात्र गोष्ट आवडली. पोलिसाला समजूतदार दाखवलंय म्हणाले. फक्त जाळं विणत बसायला आमच्या खात्यात कुणाला वेळ नसतो.

ठरलं असं की चित्रपटात आक्षेप घेण्याजोगं काय काय आहे ते मी लिहून द्यायचं, मग बघू.


रविवार, ८ ऑक्टोबर

ते लिहीत बसलोय. हे काम हास्यास्पद आहे आणि तरी मी ते मनापासून करतोय. रक्त कुठेच नाही. दारू आहे, मिठागरवाला पितो, पण गाणंबिणं म्हणत नाही. आंघोळीच्या प्रसंगात बाईची पाठ दिसते. शिव्या असतील तर जपानीत आहेत. मारहाण दोनदा, आणि दुसऱ्यांदा फक्त सावली. मृत्यू पाण्यात, बराच वेळ आवाज.

लिहिता लिहिता थांबलो. तो आवाज मी कसा लिहू? बाई ओरडत नाही. फक्त नवऱ्याला नावाने हाक मारते, जशी जेवायला मारावी तशी. मला त्या रात्री पुण्यात जेवण गेलं नव्हतं. पंधरा वर्षांच्या मुलाने ते ऐकावं का? मुख्याध्यापकांशी भांडताना मी ठाम असतो, आणि कागद समोर आला की तसा राहत नाही.


बुधवार, ११ ऑक्टोबर

मधल्या सुट्टीत मनकर्णा पुन्हा आली. "सर, ती बोलती का शेवटाला?"

म्हटलं, "शेवट आधी कळला तर चित्रपटाची गंमत जाते. थांब थोडी, पडद्यावरच बघशील."

"कधी हाय?"

"परवानगी मिळाली की."

ती जाईना. नखाने टेबलाचा रंग खरवडत उभी राहिली. "आन् बोलली तर मग तिला कुटं ठेवत्यात? परत त्याच घरात?"

म्हटलं, "तेही पडद्यावर." मला तिची उत्सुकता मोडायची नव्हती.

जेवताना मुक्ताला कौतुकाने सांगितलं. तिचा घास हातातच राहिला. "अहो, ती मुलगी सिनेमाचं विचारत नाहीये असं वाटतंय मला. तिला एकदा घरी आणा. मी बोलते तिच्याशी." म्हटलं, आणतो. सहामाही परीक्षा तोंडावर आहे, ती होऊ दे.


सोमवार, ३० ऑक्टोबर

परीक्षा संपली, दिवाळीची सुट्टी लागली. यंदा दिवाळीला कसला उत्साह नाही. खेड्यांतून माणसं खडी फोडायच्या कामावर चाललीत. आमच्या आळीतही नळ एक दिवसाआड. मनकर्णाला घरी बोलवायचं राहूनच गेलं.

मंडळाची वर्गणी भरायला निम्मे लोक तयार नाहीत. अशा दिवसांत कसले चित्रपट, असं तोंडावर म्हणतात. त्यांचं खोटं नाही.


सोमवार, २० नोव्हेंबर

आज निकाल लागला. म्हणजे मीच लावला.

मुख्याध्यापक म्हणाले, शाळेचं नाव जोडलं तर ते अध्यक्षपद सोडतील. ते गेले तर टॉकीज मिळणार नाही आणि मंडळ बुडेल. मग मीच म्हटलं, ठीक आहे, फक्त सभासदांसाठी ठेवू, अठरा पूर्ण झालेल्यांसाठी. माझ्या हाताने तसा ठराव लिहिला. "बालसाक्षीदाराचा भाग कोवळ्या मनास पेलणारा नाही," हे वाक्य माझंच. मुख्याध्यापकांना फार आवडलं, दोनदा वाचायला लावलं.

घरी येताना स्वतःला समजावत होतो की वाक्य खोटं नाही. मला तरी कुठे पेललं होतं? तरी भित्र्यासारखं वागलो असं वाटत राहिलं. खेळ येत्या रविवारी. पुण्याहून रिळांचे डबे शनिवारी येतील.


बुधवार, २२ नोव्हेंबर

मच्छिंद्रराव पेढे घेऊन आले. मनकर्णाचं लग्न ठरलंय. भीमाजीशीच.

"लेकरू आईइना झुरतंय, सर. परकी बाई आनून तिनं सवतीच्या पोराला जीव लावला न्हाई तर? ही सख्खी मावशी. घरातलं घरात ऱ्हातंय." मग म्हणाले, "पंधरा पुरी झाली तिला. कायद्यात बसतंय."

म्हटलं, हुशार मुलगी आहे, मॅट्रिक तरी होऊ द्या. ते नुसते हसले. जास्त बोलायचा मला काय अधिकार? आणि बाळाचा विचार केला तर त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं वाटत नाही. माणूसही चांगला आहे, त्या दिवशी कसा रडत होता.

मुक्ताने पेढा घेतला नाही. मच्छिंद्रराव गेल्यावर म्हणाली, "तिला विचारलं का कुणी?" म्हटलं, आपल्याकडे कोण विचारतं, तुला विचारलं होतं का? त्यावर ती उठून गेली. मी असं बोलायला नको होतं.


रविवार, २६ नोव्हेंबर

चित्रपट झाला. चाळीसेक माणसं. दुसऱ्या डब्यानंतर वीज गेली, पण परत आली. सगळं सुरळीत पार पडलं असं म्हणायला हवं.

जे झालं ते दारात झालं. मी तिकिटांपाशी उभा होतो. मुख्याध्यापक शेजारी, फौजदारसाहेब साध्या कपड्यांत सिगरेट ओढत. आणि समोरून मनकर्णा आली. भिंगारहून चालत, कडेवर बाळ. अंगावर पातळ, नऊवारी नव्हे, गोल, पण बाईमाणसाचं, तिला लांब होणारं. पुढे येऊन हळूच म्हणाली, "सर, अक्काचं नेसले. मोटी दिसते ना आता?"

मला हसूही आलं आणि कसंतरीही झालं. म्हटलं, "मनकर्णा, अठराच्या आत सोडता येत नाही. ठरावच तसा आहे."

"मला लगीन झालेली म्हणून सोडा. आठ दिसांनी हुणारच हाय."

मुख्याध्यापक बघत होते. म्हटलं, "तसं नाही चालत. आणि या चित्रपटात तुला त्रास होईल असं आहे. तू आधीच दुःखात आहेस. घरी जा बरं."

ती फौजदारसाहेबांकडे बघत होती. मला विचारलं, "हे पोलिसातले ना?" म्हटलं, हो. तिने बाळाला या कडेवरून त्या कडेवर घेतलं आणि त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. नुसती उभी. फौजदारसाहेबांनी सिगरेट विझवली. "काय गं पोरी? लग्न ठरलंय ना तुझं? आता नवऱ्याबरोबर बघ सिनेमे." चांगल्या मनाने म्हणाले. ती तशीच उभी राहिली. मग माझ्याकडे वळली.

"सर, येवढं तरी सांगा. ती बोलती का?"

आत घंटा झाली होती. म्हटलं, "बोलते. सगळं सांगते त्याला. जा आता, ऊन चढेल."

"आन् मग?"

फक्रुद्दीनभाईंनी आतून हाक मारली, माईक चालत नव्हता. मी आत गेलो.

मग काय होतं ते आज पुन्हा पाहिलं. ती बोलते, मिठागरवाल्याला घेऊन जातात. दुसऱ्या दिवशी मुलीची आई, म्हणजे त्याचीच बहीण, तिच्यापुढचा भात उचलून नेते. इन्स्पेक्टरची बदली झालेली असते, तो बसमधून खोकत निघून जातो. मुलगी बाहेर येऊन बघते, तर बस वळलेली असते. हे त्या पोरीला लग्नाच्या तोंडावर सांगून मी काय साधलं असतं?


रविवार, ३ डिसेंबर

मनकर्णाचं लग्न. दारापुढेच, मोजक्या माणसांत, बँड नाही. मुक्ता आली नाही, डोकं दुखतं म्हणाली. नवरीने मान वर केली नाही. अक्षता पडल्या पडल्या कुणीतरी बाळ तिच्या मांडीवर आणून ठेवलं आणि सगळ्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. भीमाजीने माझ्या पायाला हात लावला. टेम्पोत बसताना राहीबाई मुलीच्या कानात बराच वेळ काही बोलत होत्या.


गुरुवार, १८ जानेवारी १९७३

मला आज लिहिता येईल का माहीत नाही.

सकाळी टँकरच्या रांगेत मुक्ताला राहीबाई भेटल्या. हंडे भरून झाले, बायका पांगल्या, तरी राहीबाई घागर खाली ठेवून तिथेच बसल्या आणि आपणहून बोलायला लागल्या. मुक्ता म्हणाली, त्या माझ्याशी बोलत होत्या असं वाटतच नव्हतं, कुणाशीही बोलल्या असत्या.

मनकर्णाने आईला पहिल्याच रात्री सांगितलं होतं. लंका पाणी ओढत नव्हती. संध्याकाळी भांडण झालं, भीमाजीने तिला केसांना धरून विहिरीकडे नेलं. मनकर्णा बाळाला घेऊन गोठ्याच्या कुडामागे होती. लंकाने त्याचा गळा धरला होता, तरी त्याने तिला आत लोटलं. खाली खडक, पाणी गुडघ्याएवढं. लंका बराच वेळ हाका मारत होती. तो काठावर बसून राहिला, हाका थांबेपर्यंत. मग गडी-माणसांना ओरडून बोलावलं आणि सगळ्यांच्या आधी दोर धरून उतरला.

"मी तिला म्हणलं, त्वांड शिवून घे," राहीबाई म्हणाल्या. "येक गेली. आता बोलून ती येती का? त्याला धरून नेला तर लेकराला बाप न्हाई. आन् आपली पोर कोरटात हुबी ऱ्हायल्यावर तिला कोन पदरात घ्यील? तिच्या बापाला तर म्या सांगितलंबी न्हाई." मग लग्नाचं कसं मान्य केलंत, असं मुक्ताने विचारलं. त्यावर म्हणाल्या, "त्यानंच मागनी घातली, बाई. न्हाई म्हणलं आस्तं तर त्यानं वळाकलं आस्तं का न्हाई, की हिनं बघितलंय म्हणून?"

मुक्ताने हे सगळं सांगितलं तेव्हा मी दाढी करत होतो. साबण गालावर तसाच वाळला. ती म्हणाली, "मी म्हटलं होतं, तिला घरी आणा." एवढंच बोलली. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

शाळेत गेलो. दहावीचा तास घेतला. काय शिकवलं आठवत नाही.


शनिवार, २० जानेवारी

फौजदारसाहेबांकडे गेलो. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. दार लावायला सांगितलं.

"ते गाव माझ्या हद्दीत येत नाही. तिथल्यांनी अपमृत्यू म्हणून बंद केलंय. शवाचं दहन झालं. आता उरलं काय? एक साक्षीदार, वय पंधरा, आणि ती आता आरोपीची बायको. तुमच्या मिसेसनी ऐकलं ते राहीबाईंकडून, राहीबाईंनी मुलीकडून. उद्या राहीबाई म्हणतील, मी बोललेच नाही."

"पण तुम्हाला खरं वाटतं ना?"

"मला खरं वाटून काय होतं, सर?" ते खिडकीशी गेले. "त्या दिवशी टॉकीजवर माझ्यासमोर येऊन उभी राहिलेली तीच का?"

म्हटलं, तीच.

ते परत खुर्चीत येऊन बसले. मग म्हणाले, "तिच्या तोंडून अर्ज आला तर मी तिकडच्या साहेबांशी बोलेन. स्वतः जाईन. पण तिच्या तोंडून यायला हवा."


शनिवार, २७ जानेवारी

काष्टीला जाऊन आलो. मुद्दाम बाजाराचा दिवस धरला, म्हणजे भीमाजी बैलबाजारात असेल. तरी घरीच होता. मला बघून हात जोडले, बाज टाकली, मनकर्णाला चहा ठेवायला सांगितलं. शाळा, दुष्काळ, पाणी, सगळ्यावर बोलला. समोर तीस-चाळीस पावलांवर ती विहीर. त्याच्या डोक्यावरून मला सारखी दिसत होती. काठावर कुणीतरी धुणं वाळत घातलं होतं.

बऱ्याच वेळाने बाजारातून कुणी बोलवायला आलं म्हणून तो उठला. "येवढं खोंडाचं बघून आलोच. बसा, सर."

मनकर्णा चुलीपाशी बसून बाळाला दूधभाकरी भरवत होती. ओळखू येऊ नये इतकी बाई दिसायला लागली आहे. मी दारातच उभा राहिलो. शब्द जुळवून आणले होते ते गेले. म्हटलं, "मनकर्णा, तू मला मागे काही विचारत होतीस. माझ्या लक्षात आलं नाही. आता तुला काही सांगायचं असेल तर—"

"न्हाई सर. मी कायबी बघितलं न्हाई."

"बघितलंस का असं मी विचारलं नाही."

ती बाळाचं तोंड पुसत राहिली. मी सांगत गेलो, फौजदार स्वतः येतील, तू आमच्याकडे राहा, मुक्ता आहे, बाळालाही आणू, शिक्षण पुरं करू. किती वेळ बोलत होतो कोण जाणे. मी स्वतःला त्या म्हाताऱ्या इन्स्पेक्टरसारखा वाटत होतो, ही लाजेची गोष्ट इथे लिहून ठेवतो.

मधेच तिने हात वर करून मला थांबवलं. बांगड्यांच्या वर मनगट काळंनिळं झालेलं होतं. "मायनं सांगितलं आसंल तुमाला. तिला सांगा, माझ्यावर नका काय आनू. सर, तवा मला लई वाटायचं कुनाला तरी सांगावं. आता मला दिस काढायचंत. ह्याला मोठा करायचाय."

"पण तुझ्यावरही तसंच—"

"म्हणूनच म्हनते, परत येऊ नगा. कुनीबी येऊन गेलं की ते इचारत्यात, काय बोलत हुता म्हणून. आज बी इचारतील. शाळंचं बोलत हुतो म्हणून सांगन मी. तुमी बी तेच सांगा."

चहाला उकळी आली होती. तिने तो गाळला आणि कपबशी माझ्यापुढे ठेवली.


शुक्रवार, ९ फेब्रुवारी

मंडळ बंद करायचं ठरलं. फक्रुद्दीनभाईंना वाईट वाटलं, इतरांना फारसं नाही. मीही जोर केला नाही.

निनावी अर्ज करावा, असं रोज मनात येतं. मग वाटतं, चौकशीला कुणी शिपाई वस्तीवर जाईल, चहा पिऊन परत येईल, आणि त्यानंतर तिचं काय? मुक्ताला विचारलं. ती म्हणाली, "मला नका विचारू. आपण जे करू त्याचा मार तिलाच." दोनदा कागद घेऊन बसलो. दोनदा उठलो.


शनिवार, २४ फेब्रुवारी

दुपारी दाराशी कुणी चपला काढल्या. भीमाजी. नगरला मोटारीचा सुटा भाग घ्यायला आला होता, जाता जाता डोकावला. हातात हरभऱ्याची जुडी. "रानात यवढंच आलंय औंदा. म्हटलं, सरांना द्यावं."

आत ये म्हणालो. दुसरं काय म्हणणार? मुक्ता स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही, चहा मीच आणला. तो खुर्चीच्या कडेवर अदबीने बसला होता. गळ्यावरचा ओरखडा आता नुसती पांढरी रेघ राहिलीय.

"मनकर्णा बरी आहे?"

"ब्येस हाय. दिस गेल्यात तिला." लाजल्यासारखा हसला. मग बशीत चहा ओतता ओतता, मान वर न करता म्हणाला, "त्या बाजारच्या दिशी तुमी आलता, तवा लई येळ बोलत हुता म्हनं दोघं."

"शाळेचं," मी म्हटलं. "वर्गातल्या मुलींची आठवण काढत होती. शाळेचंच बोलत होतो."

"व्हय, ती बी तेच म्हनली."

चहा संपवला, बशी पालथी घातली. उठताना काही आठवल्यासारखं थांबला. "सर, तिला शिनेमाची लई हौस. तुमच्या त्या कुठल्या खेळाला आलती आन् तुमी वय बसंना म्हणून माघारी लावली, आसं कळलं मला. बरं केलं तुमी. आता मीच तिला येकदा नगरला आनून दाखवावं म्हनतो. तुमी जानकार मानूस. बाईमानसानं बघण्यासारखा, चांगला, घरचा, कुठला दाखवू?"

आतून भांड्याचा आवाज थांबला होता.

टॉकीजला सध्या एक देवाधर्माचा चित्रपट लागलाय, गाणी चांगली आहेत, शेवट गोड आहे. मी त्याला त्याचं नाव सांगितलं. खेळ किती वाजता सुटतो आणि परतीची गाडी कुठून मिळते, तेही सांगितलं.